उबदार खिसा

रोंडा टिबेट्सच्या शाफ्टच्या तिसऱ्या पेटीला मी नापासाची लाल चिठ्ठी लावली. वाईट वाटलं, पण लावली. माझं काम मोजायचं आहे, हळहळायचं नाही.

अमेरिकेत, ईरी शहरातल्या आमच्या कारखान्यात मोजमापाची खोली माझी. रोंडाचे शाफ्ट जाड भरत होते. किती जाड? एका केसाचे उभे दहा भाग करा, त्यातला एक. हसू नका, तेवढ्यानं शाफ्ट बेअरिंगमध्ये शिरत नाही.

मालक लिंडक्विस्टनं सांगून टाकलं होतं, शुक्रवारी दोन वाजेपर्यंत कारण सापडलं नाही तर रोंडा ग्राइंडरवरून, म्हणजे शाफ्ट घासायच्या चाकाच्या मशीनवरून, पॅकिंगला. चार वर्षं वाट बघून तिला ते मशीन मिळालं होतं. निर्णयाआधी त्यानं एमिल सोबचाकचं मत घेतलं. तिला काम शिकवलं ते एमिलनंच.

"हात जड आहे तिचा," एमिल म्हणाला. "चाक दाबते." झालं. एमिल बोलला की आमच्याकडे विषय संपतो.

एमिल आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मास्टर त्याच्या ताब्यात असतो. मास्टर म्हणजे नेमक्या मापाचा पोलादी तुकडा. त्याच्यावर गेजचा, म्हणजे मशीनवरच्या मापकाचा, काटा शून्यावर आणायचा आणि मग माल मोजायचा. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी आधीचा मास्टर फरशीवर पाडला, तेव्हापासून एमिल तो शर्टाच्या खिशात ठेवतो, वरून बटण लावून. दर दोन तासांनी स्वतः मशीनवर आणून देतो, समोर उभा राहतो आणि परत घेऊन जातो.

शुक्रवारी सकाळी रोंडा माझ्या दारात आली. बूट बर्फानं भरलेले, डोळे सुजलेले.

"व्हर्ना, खरं सांग, माझ्यावर डूख धरलायस का गं?"

"तुझ्या शाफ्टवर. तुझ्यावर नाही."

"मग मला समजाव. एमिल मास्टर देतात, काटा शून्यावर येतो, त्यांच्या डोळ्यांदेखत. तिथून तुझ्या खोलीपर्यंत शाफ्ट जाड होतात कसे? वाटेत डोनट खातात का?"

मी हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला. सगळं तपासून झालं होतं. मास्टरला मात्र कुणी हात लावला नव्हता. मी एमिलला बोलावलं.

"मास्टर दे जरा. मोजते."

"मास्टर? त्यापेक्षा तुझ्या नवऱ्याचं पोट मोज. हा उन्हाळ्यातच प्रयोगशाळेतून तपासून आलाय." तरी त्यानं जाकिटाची चेन उघडली, खिशाचं बटण काढलं आणि तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

कोंबडीखालून काढलेल्या अंड्यासारखा कोमट होता तो.

मी लगेच मोजला. केसाच्या दहाव्या भागाइतका जाड.

"तुझं यंत्र बिघडलंय," एमिल म्हणाला.

"असेल. जेवून ये."

मास्टर मी खोलीतल्या दगडी टेबलावर ठेवला. तासाभरानं एमिलसमोर पुन्हा मोजला, तर माप बरोबर, तसूभरही फरक नाही. एमिलनं मास्टर खिशात टाकला, बटण लावलं आणि माझ्या स्टुलावर पाऊण तास घड्याळाकडे बघत बसून राहिला. मग काढून दिला.

"मोज."

पुन्हा जाड. अशा जाड मास्टरवर काटा शून्यावर आणला की शाफ्टही तेवढेच जाड निघणार.

पोलाद तापलं की फुगतं, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि शिकवतो कोण, तर एमिल. माल मुठीत धरला म्हणून त्यानं रोंडाला सगळ्यांदेखत झापलं होतं.

"बारा वर्षं?" त्यानं विचारलं.

"इतकं बारीक माप याआधी कुणी मागितलंच नव्हतं, एमिल. म्हणून दिसलं नाही."

दोन वाजता लिंडक्विस्ट रोंडाच्या मशीनपाशी आला. एमिल त्याच्याआधी तिथे पोचला होता. आसपासची मशीनं एकेक करून थांबली.

"ही चाक दाबत नव्हती," एमिल मोठ्यानं म्हणाला. "मास्टर मी खिशात उबवत होतो. व्हर्नानं मोजून दाखवलंय. मशीनवरून कुणाला काढायचंच असेल तर मला काढ."

लिंडक्विस्टनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. "कुणालाच काढत नाही," तो म्हणाला. "माल पुन्हा घासा." आणि निघून गेला.

आता रोंडा खूश होईल असं मला वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली होती.

"तीन आठवडे मी घरी जाऊन स्वतःचे हात बघत बसायचे, एमिल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात जड आहेत, म्हणून."

मला त्या क्षणी एमिलची दया आली नाही.

सोमवारी मास्टर लाकडी डबीत, रोंडाच्या मशीनशेजारी होता. एमिलच्या शर्टाचा खिसा उसवून काढलेला होता. तेवढ्या चौकोनात कापडाचा रंग अजून नवा होता.

दोन तास झाले तसा तो ठरल्या वेळी येऊन उभा राहिला, रिकाम्या हातानं. रोंडानं चिमट्यानं मास्टर उचलला, काटा शून्यावर आणला आणि मागे न बघता विचारलं, "कसा आहे हात?"

"हलका," एमिल म्हणाला. "पहिल्यापासून." आणि सवयीनं मास्टर परत घ्यायला हात पुढे केला.

रोंडानं मास्टर डबीत ठेवला आणि झाकण लावलं.