हवालदाराला हात लावताना

"ज्याच्या मनात भीती नाही, त्याला साक्षात वाघसुद्धा चावत नाही. मग पोपट म्हणजे काय चीज आहे! मुके जीव माणसाची नजर ओळखतात, मामाजी. नजरेत हुकूम पाहिजे, हुकूम!"

एवढं बोलून अनंतराव ढोबळे यांनी दोन्ही पाय परातीत ठेवले, आणि "मेलो वं माय!" म्हणून लगेच वर उचलले. पाणी गच्चीवरच्या टाकीतलं होतं आणि महिना नागपूरचा मे. त्या पाण्यात अंडं सुखाने उकडलं असतं.

"माठातलं पाणी आण वं पुष्पे!" परातीपुढे गुडघे टेकून बसलेले रुपराव झाडे ओरडले. जावयाचे पाय भाजले याचं त्यांना वाईट वाटलं असं नाही. आता पुन्हा उठून पुन्हा बसावं लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

साल ऐंशी, महिना अधिक ज्येष्ठाचा. या धोंड्याच्या महिन्यात जावई हा विष्णूचा अवतार असतो. एरवी तो काय असतो, हे ज्याच्या त्याच्या सासऱ्याला ठाऊक. झाड्यांच्या सक्करदऱ्यातल्या घरी हा अवतार सकाळच्या गाडीने वर्ध्याहून उतरला होता. गेल्या वर्षी संक्रांतीच्या वाणाबरोबर याच अवताराने आपली बायको पुष्पलता हिला ट्रंकेसकट एसटीत बसवून माहेरी परत पाठवलं होतं. कारण एकच, उलट बोलते. वरण खारट झालं असं तो म्हणाला, तर ही म्हणाली, "तुम्हीच वरून मीठ घेतलं." ही गोष्ट खरी होती, त्यामुळे गुन्हा जास्तच गंभीर ठरला.

आता तिच्या सासूचा निरोप आला होता. धोंड्याला अनंता येईल, दिवसभर पोरीची वागणूक पाहील. तोंड बंद झालेलं दिसलं तर संध्याकाळच्या गाडीने घेऊन जाईल. नाही दिसलं तर ट्रंक तुमची, पोरगी तुमची, रामराम.

सुभद्राबाईंनी लेकीला पहाटेच चुलीपुढे बसवून शिकवणी दिली होती. "जावईबापू काही म्हणतीन, तू हो म्हणायचं. सूर्य पश्चिमेले निंगते म्हणाले, तं म्हणायचं, हो जी, मी आताच पाहून आली."

"आणि मले काही विचारलं तं?"

"तुले काहून विचारतीन? मोठी लागून गेली!"

वहिनी पंचफुला या सगळ्यात सर्वांत उत्साही होती. पुष्पलता झोपत असे त्या खोलीत शिवणयंत्राच्या जागी तिने मनातल्या मनात बाळाचा पाळणा केव्हाच टांगून ठेवला होता. पाळण्यात बाळ यायचं होतं, पण पाळण्याची जागा आधी पक्की करावी लागते. ज्या यंत्रावर पुष्पलता मोहल्ल्यातल्या बायांचे ब्लाऊज शिवून घरच्या भाजीपाल्याचा खर्च काढत होती, ते यंत्र घरात सर्वांच्या मते अडचणीचं होतं.

पुष्पलतेला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःही स्वतःला विचारलं नव्हतं; सवयच नव्हती.

पाय धुतले गेले, गंध लागलं, नवं धोतर झालं. रुपरावांनी मोठ्या कष्टाने केलेली, पोवळं बसवलेली सोन्याची अंगठी जावयाच्या बोटात सरकवली. सुभद्राबाई म्हणाल्या, "दिवस बुडेपर्यंत काढू नका हो जावईबापू, धोंड्याचं वाण अंगावरून उतरवत नाहीत." जेवण झालं. पुरणाचे धोंडे, आमरस, कुरडया. अवताराने पोटाला दोन्ही हातांनी आधार दिला, ओसरीवर कूलरसमोर आला, आणि मग त्याची नजर पिंजऱ्याकडे वळली. सकाळी पायांनी अडवलेला विषय अजून डोक्यात होताच.

हा पोपट झाड्यांचा नव्हता. शेजारच्या भीमाबाई लेकीच्या बाळंतपणाला रायपूरला गेल्या होत्या आणि जाताना त्याला पुष्पलतेच्या हवाली करून गेल्या होत्या. चांगला हातभर लांब पहाडी पोपट, खांद्यांवर लाल पट्टे. त्या पट्ट्यांवरून भीमाबाईंनी त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. चोच अडकित्त्यासारखी होती आणि अडकित्त्याचं काम करायची. आख्खी सुपारी तो एका दमात फोडायचा आणि न खाता खाली टाकायचा. फोडण्यातच त्याला गोडी होती.

पहिल्या आठवड्यात त्याने पुष्पलतेच्या बोटांची चाळणी केली. मग हळूहळू तिला त्याची रीत कळली. याच्याकडे समोरून टक लावून पाहायचं नाही. टक लावून मांजर पाहते. डोक्यावरून हात न्यायचा नाही. वरून घार येते. पिंजऱ्यात हात घालायचा नाही, ते त्याचं घर आहे. दार उघडून त्याला बाहेर येऊ द्यायचं. बोट दाखवायचं नाही, बोट म्हणजे त्याच्या लेखी शेंग. मूठ वळून, पालथी, हळूच पोटाखालून न्यायची. हातात चमकतं काही नको. डोळ्याची बाहुली लहानमोठी व्हायला लागली, मानेची पिसं उभी राहिली, की गुपचूप मागे व्हायचं. आणि एवढं करून धरलंच त्याने, तर ओढायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. ओढलं की तो चोच आणखी आवळतो, आणि ओरडणं त्याला आवडतं. अंगावर फडकं टाकलं की सोडतो.

आता तो तिच्या मुठीवर बसून मान खाजवून घ्यायचा. चावरं जनावर कसं सांभाळावं, याचा तिला सासरी बराच सराव झाला होता. फरक एवढाच, की पोपट चावण्याआधी इशारा देत होता.

अनंतरावांनी आमरसाचा चमचा घेतला आणि त्याच्या दांड्याने पोपटाच्या पोटात ढोसलं. पोपट ओरडला. अनंतराव खूश झाले. त्यांनी पुन्हा ढोसलं.

"असं रागावून घ्याव लागते आधी," ते म्हणाले. "मंग त्याले समजते मालक कोण आहे. माणसाचंही तसंच आहे." आणि त्यांनी पुष्पलतेकडे पाहिलं. "बरोबर आहे का नाही?"

पुष्पलतेच्या तोंडात 'अहो, नका' हे शब्द आले होते. तिने दाराकडे पाहिलं. दारात सुभद्राबाई डोळे वटारून उभ्या होत्या, त्यांच्या खांद्यावरून पंचफुला, आणि आरामखुर्चीत रुपराव श्वास रोखून. सगळ्या घराचा जीव त्या एका शब्दावर टांगलेला होता.

"हो जी," पुष्पलता म्हणाली. "बरोबर आहे."

रुपरावांनी श्वास सोडला. अनंतरावांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जे आमरसानेही पसरलं नव्हतं.

"पाहा, मामाजी! आता बोलली ना, हे खरं बोलणं." ते पिंजऱ्याशी उकिडवे बसले आणि पोपटाच्या डोळ्यांत डोळे घालून टक लावली. "नजरेत नजर द्यायची. पापणी हलू द्यायची नाही. हो ना वं?"

"हो जी. पापणी हलू देऊ नका."

हवालदाराची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली, मग मोठी, मग परत लहान. मानेची पिसं फुलली. "पाहा, पाहा, फुलून राहिला!" अनंतराव म्हणाले. "खूश झाला."

"हो, भल्ला खूश झाला," पुष्पलता म्हणाली. आणि आपल्या आवाजात एक गोडवा आलाय हे तिच्या लक्षात आलं. लग्नापासून तो कुठे गेला होता कोण जाणे.

"जावईबापू, अंगठी तेवढी..." रुपराव अर्धवट उठले. जावयाच्या बोटाची त्यांना काळजी नव्हती. पोवळ्याला ओरखडा पडेल, ही होती.

"धोंड्याचं वाण काढू का मग?" अनंतरावांनी विचारलं. "मामी नाही म्हणाल्या ना? तू सांग वं, काढू?"

"आई सांगते ते बरोबर आहे. नका काढू."

"दार उघडून आत बोट घालतो. असं सरळ, तोंडासमोर. वास घेते ते, आणि मंग वळखते. हो का नाही?"

पुष्पलता एक क्षण थांबली. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं, कूलर घरघरत होता, आणि पिंजऱ्यातला तो हिरवा जीव एका जागी दगडासारखा बसला होता. एक शब्द पुरला असता. तिने दांडीवर वाळत घातलेल्या फडक्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या गुबगुबीत, तुपट, पोवळ्याने चमकणाऱ्या बोटाकडे.

"हो जी," ती म्हणाली. "थोडं अजून आत घाला."

सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर अनंतरावांनी जो आवाज केला, त्याने समोरच्या सायकल दुकानातली माणसं पंप सोडून रस्त्यावर आली.

"सोडत नाही! सोडत नाही वं हे! ओढू का? ओढू का हात?"

"हो, ओढा," पुष्पलता म्हणाली.

अनंतरावांनी ओढलं. हवालदाराने आवळलं.

"अरे बाप्पा! मेलो! दुसऱ्या हातानं चोच उघडू का याची?"

"हो, उघडा ना."

हवालदार हा न्यायप्रिय पक्षी होता. दुसरा हात येताच त्याने पहिला सोडला आणि दुसऱ्याचा अंगठा घेतला. सुभद्राबाई "अगं काही कर वं पोट्टे!" म्हणून ओरडायला लागल्या. पण काय कर, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि अनंतरावांनी विचारलं नाही. पंचफुला पदर तोंडात कोंबून उभी होती; ती रडत होती की काय, ते नीट दिसत नव्हतं. शेवटी पोपटालाच कंटाळा आला. तो पिंजऱ्यातल्या दांडीवर सरकला आणि चोच घासून पुसू लागला.

मग पुष्पलतेने फडकं घेतलं आणि पिंजऱ्यावर टाकलं.

चौकातल्या डॉक्टरांकडून अनंतराव परतले तेव्हा दोन्ही हातांवर मनगटापर्यंत पांढरे गोळे होते. बोट सुजलं म्हणून अंगठी कापावी लागली होती. तिचे दोन तुकडे रुपरावांनी रुमालात बांधून आणले आणि ते सोडून-बांधून पाहत बसले. जावयाच्या हाडाला लागलं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाही ते तुकडेच पाहत होते.

"मले सांगाव तं लागत होतं!" अनंतराव ओरडले. "हे चावते म्हणून तुले माहीत होतं!"

आश्चर्य म्हणजे पुष्पलतेच्या वतीने रुपरावच बोलले. दिवस हातचा जाऊ द्यायचा नव्हता त्यांना. "पण जावईबापू, तिनं एक तरी शब्द उलट बोलला का? तुम्ही हो म्हणवलं, ती हो म्हणाली. तुमचा जीव चालला होता, तरी हो म्हणाली जी! अशी बायको कुठं भेटते?"

यावर अनंतरावांनी दुपारचे सगळे 'हो' मनात मोजले. हिशेब बरोबर निघत होता, आणि तेच त्रासदायक होतं. शिवाय वर्ध्याला म्हाताऱ्या आईचे हात थरथरत, घास कोण भरवणार हाही प्रश्न होता. त्यांनी दोन्ही पांढरे गोळे मांडीवर ठेवले आणि निकाल दिला.

"ठीक आहे. सुधरली. घेऊन जातो. बांध तुही ट्रंक. येशीन ना?"

पंचफुला ट्रंक आणायला धावलीसुद्धा. घरातल्या सगळ्यांचे ओठ त्या 'हो'च्या आकाराचे झाले.

पुष्पलतेने नवऱ्याकडे पाहिलं. एका दुपारच्या होकारात दोन्ही हात गेले होते. जन्मभर आपण हो म्हणत राहिलो तर या माणसाचं काय काय जाईल, हे तिला लख्ख दिसलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आपल्याला त्याची गोडी लागेल हेही दिसलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

"नाही येत जी मी. मशीन चालते माही. जेवण्यापुरतं होते." मग तिने पंचफुलेकडे वळून पाहिलं. "पाळणा ओसरीवर टांगजा वहिनी, वारा चांगला येते."

रुपरावांनी तंगडं तोडायची भाषा केली. सुभद्राबाईंनी कपाळ बडवलं, मग लेक ऐकत नाही हे पाहून परत बडवलं. पुष्पलता पिंजऱ्यावरचं फडकं काढून त्याची घडी घालत बसली. बापाने हात उगारला, पण ती ज्या जागी बसली होती तिथून चोच फार लांब नव्हती, तेव्हा त्यांनी तो हात डोक्यावरून फिरवून केस सारखे केले.

अनंतराव उठले. दुपारपासून ते सासऱ्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात होते. धोतर रक्ताने गेलं होतं. दारात उभं राहून त्यांनी दोन्ही पांढरे हात आभाळाकडे नेले.

"ऐका सगळे! या उंबरठ्यावर आता अनंत ढोबळे पाय ठेवणार नाही! या घरचं पाणी मले वर्ज्य! आजपासून तुम्ही मेले मले, मी मेलो तुम्हाले! बायका पन्नास भेटतीन, वर्ध्यात रांग लागीन रांग! पण तुमच्या दारात मी काही मागाले आलो, तं माह्या बापाचं नाव लावणार नाही!"

सायकल दुकानातली माणसं टाळ्या वाजवाव्यात की काय या विचारात होती. अनंतराव ताठ मानेने एक पायरी उतरले. तिथेच थांबले. दोन्ही गुडघे एकमेकांना घट्ट लावून त्यांनी थोडा वेळ काढला. दुपारचा आमरस, त्यावर माठभर पाणी. मग ते हळूच परत वर आले, आणि रुपरावांच्या कानाशी वाकले.

"मामाजी," ते म्हणाले, "संडासापर्यंत येता का जरा? नाडी सोडून द्या."