समोरची जाळी

बर्डेट कोचने लाइलच्या हातातली बेसबॉलची बॅट हिसकावली आणि सिमेंटच्या भिंतीवर आपटली. दुसऱ्या तडाख्याला ती मुठीपाशी मोडली.

"हातभर बाहेरचा चेंडू, आणि तोही डावीकडेच खेचतोस? त्यांची अख्खी टीम तुझ्यासाठी तिकडे जाऊन उभी राहते, गाढवा!"

आतला, अंगाजवळचा चेंडू डावीकडे खेचावा, बाहेरचा समोर नाहीतर उजवीकडे मारावा, एवढं नेब्रास्कातल्या शाळकरी पोरांनाही कळतं. लाइल कुबिचेकला न कळायला काय झालं?

"रविवारच्या मॅचमध्ये एक तरी मधून मार. नाहीतर सोमवारी घरची बस पकड. बापाच्या डुकरांना तुझी आठवण येत असेल."

तीन वर्षांपूर्वी त्याने मधूनच, सरळ पिचरच्या दिशेने मारला होता. समोर साठ फुटांवर ऑरिन टीग होता, चेंडू टाकणारा पिचर, त्याच्याच गावचा, लहानपणापासूनचा दोस्त. चेंडू सरळ डाव्या डोळ्यावर बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. ऑरिन गुडघ्यांवर आला आणि बोटांच्या फटींतून रक्त मातीवर गळत राहिलं. त्या दिवसापासून लाइलची बॅट समोर जायलाच तयार नव्हती. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. भेकड म्हणवून घेण्यापेक्षा हट्टी म्हणवून घेणं त्याला सोपं वाटायचं.

शनिवारी दुपारी रिकाम्या मैदानावर ऑरिन चेंडूंची बादली घेऊन हजर झाला. कोचनेच बोलावलं असणार. सरावात पिचरपुढे लोखंडी चौकटीची जाळी असते. ऑरिनने ती लाथ मारून आडवी केली.

"जाळी लाव, ऑरिन."

"मधून मार."

"डोकं फिरलंय का तुझं?"

पहिला चेंडू बाहेरचा आला. लाइलने तो डावीकडे खेचला. दुसरा थेट त्याच्या बरगड्यांत घुसला. तो खाली बसला, श्वास आत जाईना.

"हा माझ्या डोळ्याचा!" ऑरिन ओरडला. "झाली फिटंफाट! तीन वर्षं माझी कीव करत बसलायस. ऊठ, हरामखोरा!"

लाइल उठला. त्याला इतका राग आला होता की समोर कोण आहे हेच तो विसरला. तिसरा चेंडू पुन्हा बाहेरचा आला आणि बॅट पूर्ण ताकदीने फिरली. चेंडू ऑरिनच्या डाव्या कानाजवळून सणसणत गेला आणि मागच्या कुंपणावर आदळला. ऑरिन तसूभरही हलला नव्हता. काय छाती आहे याची, असं लाइलला वाटलं.

"कुठून गेला?" ऑरिनने विचारलं.

लाइलच्या हातातली बॅट हळूहळू खाली आली.

"तुझ्या कानाजवळून. डाव्या."

ऑरिनने त्या कानाला बोट लावून पाहिलं. "मग ठीक आहे. त्या बाजूला फोडण्यासारखं काही उरलेलं नाही."

लाइल हसला नाही. बरगडी दाबत तो चालत गेला, जाळी उभी केली आणि ओढत ऑरिनपुढे आणून ठेवली.

"उद्या समोर जाळी नसेल," ऑरिन म्हणाला.

"उद्या समोर तू नसशील."

लाइल परत जाऊन उभा राहिला आणि बॅट उचलली.

"बाहेरचाच टाक," तो म्हणाला.