यशोधराताईंच्या हातातला माइक

मित्रांनो, वराळ्यातल्या एका घरात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून असलेला मी एक जुना माइक आहे. माझ्या स्पंजच्या टोपीला आता हात लावला की तिचा भुगा होतो. पण एके काळी तोफा धडाडत असतानाही माझ्यातून माणसाचं बोलणं घरोघरी पोहोचत होतं.

कारखान्यातून मी एका वृत्तवाहिनीच्या कचेरीत आलो आणि यशोधराताईंच्या हाती पडलो. त्या युद्धाच्या बातम्या देत. आम्ही पुष्कळ देश पाहिले, पण पडक्या भिंतींच्या बाजूनेच. बाकीचे वार्ताहर ओरडून बोलत, ताई हळू बोलत. त्यामुळे त्यांचं खरं वाटतं, असं लोक म्हणत. त्यांना पुरस्कार मिळाला तेव्हा फोटोत मीही होतो.

एकदा एका परक्या शहरात थेट प्रक्षेपण चालू असताना जवळच तोफगोळा पडला. कॅमेरा धरणारे बाजीराव कोसळले. त्यांच्या मांडीतून रक्त वाहू लागलं. ताईंच्या कानात स्टुडिओतून सांगणं चालूच होतं, बोलत राहा, सगळा देश बघतोय. ताईंनी मला धुळीत टाकलं, गळ्यातली ओढणी काढून बाजीरावांची मांडी आवळली आणि मदत येईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरली. मी चालूच होतो. त्या दिवशी माझ्यातून बातमी गेली नाही. "बाजीराव, माझ्याकडे बघा," एवढंच पुन्हा पुन्हा गेलं.

बाजीराव वाचले. आता ते सोमाटण्यात राहतात, जरा लंगडतात. वाहिनीने मात्र ताईंना हळूहळू बाहेर पाठवणं बंद केलं. निवृत्त होऊन त्या मला घेऊन वराळ्याला आईकडे आल्या. गावाने सत्कार केला, शाल दिली आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. ताई गप्प होत गेल्या. कुठे फटाका वाजला तरी भरल्या ताटावरून उठायच्या.

एका सकाळी त्यांची आई, सरूबाई, शेंगा सोलता सोलता म्हणाली, "टीव्हीवर समद्यांला सांगितलंस. माज्यापाशी कदी बोललीच न्हाईस. तितं तुला भ्या वाटायचं का गं?"

ताई आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"लय वाटायचं, आई."

मग त्या सांगत गेल्या. बाजीरावांचं रक्त, तळघरात भाकरीतला अर्धा तुकडा देणारी मुलगी, झोपेत अजून ऐकू येणारे आवाज. शेंगा तशाच राहिल्या. सरूबाईने लेकीचा हात तेवढा धरून ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी ताई पोटभर जेवल्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही तरी चालेल. पण असं कुणी लांबून परत आलं, तर शाल देऊन मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काय वाटलं ते विचारा. आणि तो बोलायला लागला, तर मध्येच उठू नका.