काचबिंदूतली काच

कबनूरच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. काचकाढे महाराजांनी एका म्हातारीच्या पापणीवर जीभ फिरवली आणि तळहातावर काचेचा लखलखता तुकडा थुंकला. गर्दीनं हात जोडले.

"डोळ्यात काच हाय, म्हणून तर काचबिंदू म्हणत्यात की! डाक्टरच्या मशिनीला दिसतीया व्हय ती?" महाराज गरजले.

रत्नव्वानं नवऱ्याला पुढं केलं. यंत्रमागावर जन्म काढलेल्या नागाप्पाचा उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेला होता. डाव्यात नळीतून बघावं एवढीच नजर उरलेली. ती टिकावी म्हणून गेल्याच आठवड्यात कोल्हापुरात ऑपरेशन झालं होतं. "गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळू," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते 'येणार नाही' रत्नव्वाला पचत नव्हतं.

महाराजांनी अंगठ्यानं डावा डोळा दाबला, जीभ फिरवली. काच निघाली!

घरी पोचताच नागाप्पा डोकं धरून उंबऱ्यातच बसला. "डोळा फुटतोय गं!" त्याला उलट्या झाल्या. मग त्यानं विचारलं, "लाईट गेली व्हय?"

बाहेर भर दुपार होती.

"आत रक्तस्राव झालाय," कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशननं दाब उतरलेल्या डोळ्यात पडद्यामागची रक्तवाहिनी फुटू शकते. क्वचितच होतं. कधी आपोआपही होतं. पण असा डोळा कुणी दाबला तर..." त्या थांबल्या. "काच फक्त नावात आहे, मावशी. डोळ्यात कधीच नव्हती."

"नजर?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

रत्नव्वा नर्सिंग शिकणाऱ्या लेकीला, भूमिकाला घेऊन मंडपात परतली. भूमिकानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "महाराज, आदी सगळ्यांदेखत चूळ भरा. मग काच काढा."

"जीभ बाटंल, पोरी! भस्म हुशील!" महाराज कडाडले, आणि त्या नादात गालातले काचेचे दोन तुकडे सतरंजीवर पडले. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. गालात काच धरून बोलायची सवय, एवढीच काय ती सिद्धी.

पुढचे लोक वाकून तुकडे बघू लागले. मग कुणीतरी म्हणालं, "देवानंच काचा दिल्या असतील तोंडात!" चेल्यांनी मायलेकींना बाहेर ढकललं. रांग पुढं सरकली.

रत्नव्वा दारातच उभी राहिली. येईल त्याला हात जोडू लागली. लोक नजर चुकवून आत जात होते.

"पावणं, काचबिंदू म्हंजे डोळ्यातला दाब. औषधाचं थेंब घाला, दवाखान्यात जावा. माझ्या बोलण्यावर इस्वास ठिवू नगा. पर त्या म्हाराजाला तोंड तरी उघडाय लावा. तुमास्नी अजून दिसतंय. बघा की!"