मावशींनी लिहिलेला ठिपका

मित्रांनो, मी एक जुनं भिंग. कपबश्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर माझी हयात गेली. माझी पितळी कडा काळवंडली आहे, पण नजर अजून साफ आहे, आणि तीच माझी डोकेदुखी.

भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तपासणीवाल्या मावशी माझ्याखाली धरायच्या. त्यांच्या वहीत दोनच शब्द असत. चकाकीखाली रंगाचा कण राहिला आणि नख फिरवलं तरी लागत नाही, तो ठिपका. नखाला अडतो, तो तडा. ठिपकेवाला कप दिसायला उणा, पण कामाला पक्का. म्हणून असे कप दर शनिवारी कामगारांना घरी नेऊ देत. तड्याचा कप जागीच फोडायचा. सगळे म्हणत, "मावशींनी लिहिलं ना? मग डोळे झाकून घ्या."

पुढे नवे भट्टीसाहेब आले. ते भट्टी घाईने उघडत आणि थंड हवेने कप तडकत. एकदा त्यांनी नाक पुसलेल्या रुमालानेच मला पुसलं. शी! मग एक तडकलेला कप पुढे करून म्हणाले, "मावशी, वरचे लोक तडे मोजतात. ठिपका लिहा."

"अहो, पण हा नखाला लागतोय."

"मग नखं कापा!" आणि स्वतःच खो-खो हसले.

मावशींच्या नोकरीचे तीनच महिने उरले होते. त्यांनी मान खाली घालून लिहिलं, ठिपका. तडा माझ्यातून त्यांना ढळढळीत दिसला होता. मला दोघांचीही शिसारी आली.

तो कप रंगकामवाल्या ताईने नेला. सोमवारी ती आली, ती उजव्या हाताला पट्टी बांधून. उकळता चहा ओतताच कप हातात दुभंगला होता.

"ब्रश धरता येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत," ती म्हणाली. "मावशी, ठिपकाच होता ना हो?"

"ठिपकाच होता. हिनेच आपटला असेल," भट्टीसाहेब मध्येच म्हणाले.

मावशींनी वही ताईपुढे उघडली. "नाही गं बाई. तडा होता. मला दिसला होता, तरी मी ठिपका लिहिलं."

ताईने डाव्या हाताने ती वही मिटली आणि निघून गेली.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, कोरडं ठेवा, एवढं मला पुरे. पण माझ्यातून जे दिसेल ते त्याच्याच नावाने लिहा. तुमचं अक्षर वाचून कुणीतरी त्या कपात उकळता चहा ओततं.