वरच्या फळीवरची घंटा

मी एक जुनी शिडी आहे. सागवानी, सहा पायऱ्यांची आणि एका पायाने किंचित लंगडी. सुताराने मला पेटंट कचेरीसाठी घडवले. मित्रांनो, इथे कोणी नव्या शोधाचा अर्ज केला, की तो शोध आधी कोणी लावलेला नाही ना, हे जुने कागद चाळून पाहतात. म्हणून प्रत्येक कागदाला त्याच्या वर्गाची फळी ठरलेली असते. फळी चुकली, की कागद असून नसल्यासारखा.

माझ्या तरुणपणी बिनतारी संदेशांचे कागद एका कोपऱ्यात मावत. पुढे त्यांनी अख्खी भिंत बळकावली आणि खाटा, पाळणे, कुबड्या यांचे कागद पार छताजवळ गेले. दिवसभर बिनतारीवाल्यांच्या बुटांखाली माझा जीव जायचा. माझे कौतुकही तेव्हाच झाले म्हणा.

एकदा तपासनीस बाईंकडे एका बड्या कंपनीचा अर्ज आला. एका यंत्राने शेजारच्या यंत्राला, त्याने पुढच्याला, असा तारेविना निरोप पोचवायचा. बाईंनी बिनतारीची भिंत पालथी घातली, पण असे काही सापडले नाही. मंजुरी मिळाली असती, तर ती युक्ती वर्षानुवर्षे त्या कंपनीच्या मालकीची झाली असती. बाईंचा हात सहीला धजेना.

"काका, बाबा दवाखान्यात होते ना, तेव्हा त्यांच्या खाटेच्या घंटेचा निरोप असाच तारेविना खाटेवरून खाटेवर जायचा," त्या म्हणाल्या. "तिथल्या एका नर्सनेच केली होती म्हणे."

कागदांना वर्ग लावणाऱ्या काकांनी छताकडे बोट दाखवले. "खाटा वर आहेत. तिकडे कोणी फिरकत नाही."

बाई चढल्या. माझा पाय डुगडुगला, तसे काकांनी मला दोन्ही हातांनी धरले. नर्सने केलेल्या घंटेच्या अर्जाचा कागद तिथेच होता, धुळीने माखलेला.

"हा वर्ग मीच लावला," काका म्हणाले. "खाट पाहिली आणि निरोपाकडे बघितलंच नाही."

"खाटही खरीच आहे, काका. एक प्रत इथे राहू दे, दुसरी बिनतारीत लावा."

कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

आता सारे संगणकावर शोधतात. मी दाराआड उभी असते आणि माझ्यावर ओल्या छत्र्या वाळतात. वाईट वाटते. मित्रांनो, कशालाही जागा देताना ते कुणाच्या घरचे एवढेच पाहू नका, ते काय करते हेही विचारा. आणि जमले तर माझ्या लंगड्या पायाखाली एक पाचर ठोका.

मला मात्र ती नर्स आठवते. काकांनी तिला मुद्दाम बोलावून घेतले होते. केस पांढरे झालेले, हातात काठी. आपला कागद कुणी उघडलाच नसेल, असे ती धरून चालली होती. ती आपल्या कागदाची प्रत बघायला बिनतारीच्या भिंतीपुढे उभी राहिली, तेव्हा काका सवयीने मला आणायला वळले.

"शिडी राहू द्या," ती म्हणाली. "माझा हात पोचतोय."

इतके समाधान मला कुठल्याच कौतुकाने दिले नव्हते.