दुसरी क्लॅरिनेट

“काका, हे काय वाजतंय? गल्लीत आईस्क्रीमची गाडी आल्यासारखं!” पुतणी हातातला फडका तसाच धरून हसत सुटली.

नळीवाले हसले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवरची धून बंद केली आणि चष्मा काढून उगाचच शर्टाच्या टोकाला पुसला.

“ट्रम्पेट आहेत ते,” ते म्हणाले. “चार ट्रम्पेट. आणि मागनं ड्रम.”

“असतील हो. पण माझ्या या डबड्यातनं असंच येणार. त्याच्या पोटातले आवाजच फालतू आहेत. त्या चौकातल्या दुरुस्तीवाल्याला विचारा, चांगले आवाज टाकून देईल.” तिनं टेबल पुसलं, डब्यातली बिस्किटं मऊ पडली म्हणून काकांना रागे भरली आणि पुन्हा येते म्हणून निघून गेली. तिचं ‘पुन्हा’ केव्हा येईल याचा नेम नसे. पण पोर मायेची होती. आपला जुना कॉम्प्युटर तिनं काकांना आणून दिला होता तो ‘तेवढाच जिवाला विरंगुळा’ म्हणून.

नळीवाल्यांना खरं तर विरंगुळा नको होता. त्यांना काम होतं.

नळीवाले हे काही आडनाव नव्हे. अग्निशमन दलात त्यांची उभी हयात नळ्या सांभाळण्यात गेली. आगीवरून आलेल्या ओल्या नळ्या मनोऱ्यावर वाळत घालायच्या, भोकं शोधायची, ठिगळं लावायची. आग त्यांनी जवळून कधी पाहिलीच नाही. संध्याकाळी मात्र ते हात धुऊन, गणवेशाची बटणं लावून दलाच्या बँडमध्ये बसायचे आणि क्लॅरिनेट वाजवायचे. तीही दुसरी.

पहिली क्लॅरिनेट धून वाजवते, लोक तिच्यावर माना डोलावतात. दुसरी तिच्या पायाखालची सतरंजी सरळ करत फिरते. बँडमास्तर म्हणायचे, “दुसरी ऐकू आली नाही तरी चालेल. नसली तर मात्र कळलं पाहिजे.” ती नसली तर खरंच कुणाला कळतं का, हे विचारायचं नळीवाल्यांना कधी सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांनी विचारलं नसतं. मास्तरांच्या हातातली काठी सगळ्यांना इशारा द्यायची. ट्रम्पेटला द्यायची, ड्रमला द्यायची, झांजवाल्याला तर डोळे वटारून द्यायची. नळीवाल्यांकडे ती कधी वळली नाही. ते आपले मनाशी मोजत बसत आणि नेमके वेळेवर येत. याचा त्यांना अभिमान होता. आणि थोडं वाईटही वाटायचं.

मास्तरांनी स्वतः एक निरोपाची धून बांधली होती. दलातला जो कोणी निवृत्त होई त्याला शेवटच्या दिवशी ती वाजवत फाटकापर्यंत पोचवायचं, असा रिवाज होता. मोठमोठे धटिंगण फाटकापाशी लहान मुलासारखे रडले होते. पुढे वरच्या साहेबांनी बँडच बंद केला. वाद्यं जमा झाली, धुनीचे कागद रद्दीत गेले. मास्तर निवृत्त झाले ते त्यानंतर. हातात कापडी पिशवी, डोक्यावर टोपी, आणि फाटकापाशी चिटपाखरू नाही. नळीवाले मनोऱ्यावर नळ्या टांगत होते, त्यांनी वरून ते पाहिलं. जिने उतरून ते खाली धावेपर्यंत मास्तर वळणाआड गेले होते.

आता मास्तर दुसऱ्या गावी, लेकीकडे होते. कानाला यंत्र लागलं होतं, आठवण विरत चालली होती. “बाबा हल्ली फारसं बोलत नाहीत हो,” असं लेकीनं मागे फोनवर सांगितलं, तेव्हाच नळीवाल्यांनी मनाशी ठरवलं. मास्तरांचा निरोप राहिला होता. तो त्यांना पोचवायचा, आणि कान पुरते जायच्या आत पोचवायचा.

कागद नव्हते तरी अडलं नाही. दुसरी क्लॅरिनेट बँडच्या अगदी मधोमध बसते. इतक्या वर्षांत डाव्या कानात ट्रम्पेट आणि उजव्या कानात ट्रॉम्बोन असे काही भरले होते, की प्रत्येकाचा भाग त्यांना तोंडपाठ होता. पहिली क्लॅरिनेट वाजवणारा गडी तर देवाघरी गेला होता, पण त्याच्या फुंकेतली दमछाकसुद्धा यांना आठवत होती. पडद्यावरच्या स्वरलिपीच्या पाच रेघांवर माउसनं एकेक सूर टिपत त्यांनी सगळा बँड उभा केला. आणि तो वाजवला तर म्हणे आईस्क्रीमची गाडी!

चौकातला दुरुस्तीवाला कामाचा निघाला. “आजोबा, तुमची ही मिडी फाइल आहे ना, तिला साउंड बँक लागते. खऱ्या वाद्यांचे आवाज असतात तीत. हे घ्या, चार-पाच देतो. ऐकून बघा नि आवडेल ती ठेवा.”

मग नळीवाल्यांना दुसरं काही सुचेना. एका बँकेतली ट्रम्पेट अशी, की ऐकून ताठ बसावं; पण तिच्यातली क्लॅरिनेट सायकलच्या भोंग्याची सख्खी बहीण. दुसरीत क्लॅरिनेट गोड, तर ड्रम पत्र्याच्या पिंपासारखा. त्यांनी हिची ट्रम्पेट, तिचा ड्रम असं ठिगळकाम केलं. ते त्यांच्या हातचंच होतं. आवाज अडखळू लागला तेव्हा दुरुस्तीवाल्यानं मेमरी वाढवून दिली. घुमारा त्यांनी आधी एवढा दिला की सगळा बँड न्हाणीघरात कोंडल्यासारखा वाटला. मग थोडा थोडा कमी करत दलाच्या मैदानाइतका आणला. खोक्यातले जुने स्पीकर टाकून चांगले जड स्पीकर घेतले. ट्रम्पेट डावीकडे, ट्रॉम्बोन उजवीकडे, ड्रम मागे, असं ज्याला त्याला त्याच्या जागी बसवलं. मध्ये जेवढी जागा उरली तिथे स्वतःची खुर्ची टाकली.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला ते खुर्चीत बसत. क्लॅरिनेट त्यांच्या स्वतःच्या पैशाची होती, म्हणून ती जमा करावी लागली नव्हती. धून सुरू झाली की दोन्ही कान भरून जात आणि बोटं आपोआप आपल्या कामाला लागत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि या घरात दोन माणसांचे आवाज एका वेळी निघाल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे. आता एक आख्खा बँड आजूबाजूला श्वास घेत होता. धून संपली की खोली पहिल्यापेक्षा जास्त रिकामी वाटे. म्हणून ते पुन्हा लावत.

अखेर एके दिवशी काहीच सुधारायचं उरलं नाही. त्यांनी फाइल मास्तरांच्या लेकीला पाठवली आणि फोनजवळ बसून राहिले. लग्नाचा मुलगा होकाराची वाट बघतो, तसे.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

“काका, तुम्ही पाठवलेलं लावलं हं. बाबांनी ऐकलं.”

“काय म्हणाले? ट्रम्पेट कशी वाटली? त्यांना म्हणावं, ट्रम्पेटवर मी—”

“ट्रम्पेट?” ती जरा घुटमळली. “मला काही त्यातलं कळत नाही हो. मला आपली सगळी एकच पिपाणी वाटली. माझ्या लहानपणी खेळण्यातला एक पियानो होता, तसं काहीसं. पण बाबा ऐकत बसले खरे. तुम्ही एवढी आठवण ठेवलीत, तेच पुष्कळ.”

 नळीवाल्यांनी कसाबसा फोन ठेवला आणि लगेच पुतणीला लावला.

सगळं ऐकून पुतणी म्हणाली, “अहो काका, त्या फाइलमध्ये आवाज नसतोच मुळी. कुठला सूर कधी, किती जोरात, एवढंच लिहिलेलं असतं. वाजवणारे ज्याच्या त्याच्या घरचे. तुम्ही आवाज सुधारलात ते तुमच्या कॉम्प्युटरचे. त्यांच्याकडे त्यांचा कॉम्प्युटर त्याच्या अकलेनं वाजवणार.”

“म्हणजे इथलं काहीच तिकडे गेलं नाही?”

“नुसते कागद गेले म्हणा ना. रेकॉर्डिंग करून पाठवायला हवं होतं. तुम्ही मला विचारलं का नाही? आले की करून देते.”

नळी एकदा सांधली की ती कुठल्याही आगीवर न्या, सांधलेलीच असते. हेही तसंच असेल, असं ते धरून चालले होते. इतके महिने त्यांनी हौसेनं हा बँड सजवला तो फक्त या खोलीपुरता, या एका खुर्चीपुरता. आणि मास्तरांना काय पोचलं, तर पिपाणी. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. त्या संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटर लावलाच नाही. दूध तापवायला ठेवलं ते उतू गेलं, ते पुसत बसले.

तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा मास्तरांची लेकच होती.

“काका, त्रास देते हं. बाबांनी आज नुसता उच्छाद मांडलाय. ते सारखं सारखं लावायला सांगतात, आणि एका ठिकाणी आलं की हात वर करून थांबवतात. म्हणतात, दुसरी क्लॅरिनेट कुठाय? मी म्हटलं, बाबा, असेल की त्यातच. तर माझ्यावरच ओरडले. ती नाहीये म्हणाले, मला कळत नाही का? किती दिवसांनी ओरडले हो. मला तर काही उमजेना. तुम्हाला कळतंय का ते काय म्हणतात?”

नळीवाल्यांनी मनातल्या मनात धून पहिल्यापासून चाळली. दुधाचा फडका हातातच होता.

त्यांनी सगळ्यांचे भाग टिपले होते. झांजवाल्याचेसुद्धा. स्वतःचा टिपायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. या खोलीत तो कधी कमी पडलाच नव्हता. रोज ते स्वतः मधल्या खुर्चीत बसून वाजवत होते. जी पाठवली ती धून त्यांच्यावाचूनची होती, आणि त्या पिपाणीच्या गलक्यातूनही एका माणसाला ते कळलं होतं. जगात एकाच माणसाला कळणं शक्य होतं. नळीवाल्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

“काका? आहात ना?”

“आहे,” ते म्हणाले. “बाळ, एक कर. तो कॉम्प्युटर बंद कर. आणि फोन मास्तरांच्या चांगल्या कानाशी धर. मी इथनं वाजवतो.”

त्यांनी पेटीतून क्लॅरिनेट काढली, तिच्या तोंडाशी बसवायची वेताची पट्टी ओठांत धरून ओली केली. फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर समोर ठेवला. कॉम्प्युटरच्या त्या जड स्पीकरना हात लावला नाही.

आणि त्यांनी नुसता आपला भाग वाजवला. एकटी दुसरी क्लॅरिनेट म्हणजे कुणाचं तरी फोनवरचं बोलणं बाजूला बसून ऐकावं, तसं असतं. हं, हो, मग? असे चार शब्द आणि मध्येच बराच वेळ शांतता. धून कुठेच नसते. ज्याला धून ठाऊक आहे त्यालाच ती ऐकू येते.

मग ती जागा आली. इथे आठ मात्रांचे आठ फेरे दुसऱ्या क्लॅरिनेटला काहीच नाही. ट्रम्पेट गाजवून घेतात. नळीवाल्यांनी सवयीनं वाद्य गुडघ्यावर टेकवलं आणि मनाशी मोजू लागले. खोलीत आवाज नव्हता.

फोनमधून मात्र येत होता. टक्, टक्, टक्. खुर्चीच्या हातावर काहीतरी लाकडी आपटत होतं, बहुधा आधाराची काठी. हळू, म्हाताऱ्या हाताचं, पण लय तीच. एक फेरा गेला, दुसरा गेला. नळीवाले जागच्या जागी ताठ बसले. शेवटचा फेरा भरत आला, आणि त्या टकटकीवरून एक गंजलेला आवाज आला.

“नळीवाले... आता.”

सगळ्या आयुष्यात कुणी न सांगता ते वेळेवर आले होते. आज सांगितलं, तर येता येईना. ओठ पट्टीवर जुळेनात. क्लॅरिनेटमधून नुसती हवा गेली.

तिकडची काठी वाजायची थांबली. कुणी रागावलं नाही, कुणी पुढे गेलं नाही. नळीवाल्यांनी बाहीनं तोंड पुसलं, श्वास भरून घेतला. तोवर सगळा बँड त्यांच्यासाठी थांबून राहिला होता.